सही घेतली की जबाबदारी संपली?

भाच्याच्या मोडलेल्या गिटारच्या तक्रारीवर आज दुपारी विमान कंपनीचा मेल आला. नाजूक सामानाच्या टॅगवर प्रवाशाची सही आहे, सबब भरपाई देता येत नाही. त्यांच्यापुरता विषय संपला. माझा नाही संपला.

गणपतीला भाचा बेंगळुरूहून येत होता. गिटार केबिनमध्ये चालणार नाही म्हणून काउंटरवर सांगितलं, टॅग पुढे सरकवला, मागे रांग खोळंबलेली. पोराने सही केली. गोव्यात मोपा विमानतळावर बेल्टवर बॅग आली ती वरून धडधाकट. चेन उघडली तर मान नटाच्या, म्हणजे डोक्याआधीच्या तारा टेकतात त्या पट्टीच्या, मागे तुटलेली आणि डोकं नुसतं तारांवर लोंबतंय.

गिटार मोडते ती बहुतेक वेळा इथेच. पोलादी तारांचा, सहाही मिळून, साधारण ७० किलोचा ताण. डोकं मागे कललेलं, त्यावर खुंट्यांचं वजन, आणि लाकूड नेमकं तिथेच बारीक. बॅग मागच्या बाजूवर आपटली की डोकं हिसका खातं. बाहेर ओरखडाही दिसत नाही. तारा सैल करा, डोक्याखाली कपडे कोंबा, हार्ड केस घ्या, सगळं बरोबर आहे. तारा भाच्यानेही सैल केल्या होत्या!

लोडरांवर राग नाही. भर पावसात, विमान सुटायच्या घाईत राबतात, मान्य. पण मग ते ‘फ्रॅजाइल’ चिकटवता कशाला? त्या कागदाने गिटार वाचत नाही, कंपनी वाचते. आणि भरपाई मिळालीच, तरी देशांतर्गत प्रवासात सामानाची कमाल मर्यादा २०,००० रुपये.

कॅनडाचे गायक डेव्ह कॅरल यांची साडेतीन हजार डॉलरची गिटार २००८ साली अशीच शिकागोला मोडली. त्यांची विमान कंपनी महिनोन् महिने नाहीच म्हणत राहिली. २००९ मध्ये त्यांनी त्यावर गाणं करून यूट्यूबवर टाकलं, ते जगभर गाजलं, तेव्हा कंपनी हलली. माझ्या भाच्यासारख्यांनी कुणाकडे बघायचं? अमेरिकेत २०१२ च्या कायद्याने केबिनमध्ये जागा असेल तर गिटार आत नेता येते. इथेही आपण तेवढं मागायला हवं.

आमच्याकडे डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, निघालं की टेम्पोत पाय ठेवायला जागा नसते, पण पेटी आणि पखवाज मांडीवरून उतरत नाहीत. बुवा दटावतातच, “खाली नको, मांडयेर घे.” वाद्य म्हणजे सामान नव्हे, हे आपल्या पोरांना शिकवावं लागत नाही.

पहिल्या पगारातली गिटार होती ती. मोपापासून कुडाळपर्यंत पोरगा एक अक्षर बोलला नाही. रात्री आरतीला झांज घेऊन मागे बसला. मीही काही विचारलं नाही.

तुमच्यापैकी कुणी गिटार घेऊन निघणार असेल तर जमल्यास वाद्यासाठी वेगळी सीट घ्या, नाहीतर सरळ रेल्वेने या. चेक-इन करावीच लागली तर टॅग वाचल्याशिवाय सही करू नका. बॅग बेल्टपाशीच उघडा, फोटो काढा, तक्रारीची लेखी प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. आंतरराष्ट्रीय प्रवासात लेखी तक्रारीला सातच दिवस असतात.

मी मेलला उत्तर धाडलंय, पुढे ग्राहक आयोगात जाणार. आणि सावंतवाडी ते पणजी, गिटारची मान नीट जोडून देणारा कारागीर कुणाला माहीत असेल तर कृपया इनबॉक्समध्ये कळवा.