पुणे-गोवा विमान गाडीपेक्षा स्वस्त? हिशेब अर्धाच आहे

‘पुण्याहून गोव्याला गाडीने 10,000 रुपये, विमानाने फक्त 2,500’ हा मेसेज सुट्ट्या लागल्या की फिरतो. त्यातली तुलनाच चुकीची आहे. 10,000 हा अख्ख्या गाडीचा, जाऊन-येऊन खर्च. 2,500 हे एका माणसाचं, एका बाजूचं तिकीट. चौघांचं येणं-जाणं धरलं की तिकिटंच 20,000 होतात. मूल 2 वर्षांचं झालं की त्याला स्वतंत्र सीट घ्यावीच लागते, हे तर मेसेजात नाहीच.

गाडीचं पाहा. जाऊन-येऊन साधारण 900 किलोमीटर, लिटरला 15 चं अ‍ॅव्हरेज, म्हणजे 60 लिटर पेट्रोल. 105 रुपये दराने 6,300. त्यात टोल, वाटेतलं जेवण आणि टायर-सर्व्हिसिंगची झीजही धरा. ती बहुतेक जण विसरतात. उलट विमानाने गेलात आणि मोपा विमानतळावर उतरलात, तर तो गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडण्यात आहे. दक्षिणेकडच्या पाळोळे किनाऱ्यावर जायचं तर अख्खा गोवा ओलांडावा लागतो, आणि पुढे फिरायला गाडी भाड्यानेच.

एकटा किंवा जोडपं असेल, तिकीट लवकर काढलं असेल, तर विमान परवडूही शकतं. पण चौघांच्या कुटुंबाने या मेसेजवर विसंबून बेत बदलू नये. दिवाळी-नाताळात तर 2,500 चं तिकीट धरून चालूच नका.