श्रावण माझा, बोंबील ताजा: खाण्यावरच्या हायकूंच्या बाजूने

श्रावण माझा
शेजारच्या डब्यात
बोंबील ताजा

हा हायकू, म्हणजे मूळच्या जपानी धाटणीची तीन ओळींची कविता, मी मध्यंतरी एका छोट्या काव्यवाचनात वाचला. लोक मनापासून हसले आणि मलाही आनंद झाला. कार्यक्रम संपल्यावर मात्र एका ज्येष्ठ कवींनी मला बाजूला घेऊन अगदी मायेने सांगितले की, हायकू हा ध्यानाचा प्रकार आहे, त्यात तळे असावे, गळणारे पान असावे, शांतता असावी. ऑफिसातल्या डब्यांवर लिहायचेच असेल तर त्याला सरळ वात्रटिका म्हणावे. त्यांच्याविषयी मला आदर आहे, म्हणूनच मी त्यांच्या म्हणण्याचा बरेच दिवस विचार केला. ते मला पटलेले नाही.

मुळात हायकू ज्या जपानी परंपरेतून आला तिचे नाव 'हाइकाइ', आणि या शब्दाचा अर्थच खेळकर, गमतीदार असा आहे. अनेक कवींनी एकत्र बसून रचलेल्या साखळीकवितेतले पहिले कडवे हळूहळू स्वतंत्र झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कवी मासाओका शिकी यांनी त्याला 'हायकू' हे नाव रूढ केले. ज्या बाशो या जुन्या जपानी कवीचा आधार गांभीर्यासाठी घेतला जातो, त्याचीच १६९२ सालची एक रचना पाहावी. ओसरीच्या कडेला तांदळाचे मोची, म्हणजे चिकट गोळे, वाळत घातले आहेत आणि उगुइसु पक्षी त्यांवर शिटतो, एवढाच तिचा विषय आहे. उगुइसु म्हणजे जपानच्या दरबारी कवितेने शतकानुशतके ज्याच्या गोड गळ्याचे गुणगान केले तो पक्षी, आपल्याकडच्या कोकिळेच्या मानाचा. बाशोने त्याला गायला लावले नाही, खाण्याच्या वस्तूवर शिटायला लावले, आणि तरीही त्या रचनेत वसंतातले कोवळे ऊन जसेच्या तसे आहे. आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत तो शिष्यांना सांगत होता तो गुणही 'कारुमी', म्हणजे हलकेपणा. तेव्हा खेळकरपणा ही हायकूत नंतर झालेली भेसळ नव्हे.

अर्थात खाण्यावर लिहिले की हायकू आपोआप जमतो, असे माझे म्हणणे नाही. माझा वड्यावरचा पहिला प्रयत्न असा होता:

गरम वडा
खमंग नि चविष्ट
आणखी वाढा

यात पाच-सात-पाच अक्षरे बरोबर आहेत, यमक आहे आणि कविता अजिबात नाही. 'गरम', 'खमंग', 'चविष्ट' ही तिन्ही विशेषणे कोणत्याही हॉटेलच्या पाटीवर शोभतील. खाण्यावर लिहिणाऱ्याचा हात सर्वांत आधी चवीच्या विशेषणांकडे जातो, आणि चव तर शब्दाने सांगून कधीच पोचत नाही. वाचकाच्या जिभेवर ती आधीपासून असतेच, आपण फक्त तिला जाग यावी असा प्रसंग समोर ठेवायचा. शहरात हा प्रसंग बहुधा उभ्याने, घाईत, एका हातात पिशवी धरून घडतो. १९६६ साली अशोक वैद्य यांनी ज्या दादर स्टेशनाबाहेर वडापाव विकायला सुरुवात केली असे सांगतात, तिथेच मी रोज संध्याकाळी डोंबिवलीची गाडी पकडते. पुष्कळ दिवसांनी त्याच वड्याचा हायकू असा झाला:

वडा हातात
गाडी फलाटावर
मिर्ची दातात

मिरची झोंबते तेव्हा थांबून पाणी प्यावेसे वाटते आणि गाडी तर थांबणार नसते. चवीचा एकही शब्द न वापरता तिखट लागले, तर तो हायकू साधला असे मी मानते.

वात्रटिका म्हणण्याला माझा विरोध आहे तो याच कारणाने. वात्रटिकेला एक निशाणा असतो आणि शेवटच्या ओळीत बाण सुटतो. ती उत्तम लिहिणारे मराठीत होऊन गेले आहेत आणि तिच्यात कमीपणा काहीच नाही. चारोळी एखादा विचार किंवा भावना बोलून दाखवते. (चारोळी हा मुळात श्रीखंडावर घालायचा दाणा आहे, हेही मला फार आवडते.) हायकू मात्र दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो आणि मधली जागा वाचकाला देतो. श्रावण आणि बोंबील यांच्याबाबत मी तेवढेच केले आहे. श्रावणात कितीतरी घरांत मासे शिजत नाहीत आणि त्याच श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला कोळीबांधव दर्याला नारळ वाहतात, होड्या समुद्रात लोटतात, बाजारात ताजी मासळी येऊ लागते. एकाच महिन्याच्या या दोन बाजू ऑफिसातल्या एकाच टेबलावर समोरासमोर येतात. हायकूच्या परंपरेत ऋतू सुचवणाऱ्या शब्दाला, 'किगो'ला, मोठे स्थान आहे. मुंबईत पानगळ कुणाच्या लक्षात येत नाही; पावसाळा कोळशावरच्या कणसावरून कळतो, थंडी उंधियूवरून आणि उन्हाळा आंब्याच्या पेटीतल्या गवतावरून. आमचे किगो हातगाडीवर मिळतात.

अक्षरांचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. जपानी हायकूत पाच-सात-पाच असे मोजतात ते आपल्या अक्षरांपेक्षा लहान ध्वनी असतात, तिथे दीर्घ स्वर दोनदा मोजला जातो. मराठीत हायकू आणला आणि रुजवला तो शिरीष पै यांनी, आणि त्यांनी अशा हिशेबापेक्षा तीन ओळी, दोन ओळींचे यमक आणि पकडलेला क्षण यांना महत्त्व दिले. (त्या आचार्य अत्र्यांच्या कन्या, म्हणजे 'केशवकुमार' या नावाने विडंबनकविता लिहिणाऱ्या कवीच्या, हसू आणि हायकू मराठीत एकाच घरात नांदले आहेत.) मी स्वतः मोजते, कारण ओवी-अभंगाच्या सवयीने अक्षरे मोजणे मराठी कानाला परके नाही. अडचण अशी की 'वडापाव' लिहिताना चार अक्षरांचा आणि बोलताना तीनच ठोक्यांचा होतो, शेवटचा 'व' अर्धाच उरतो. मी लिहिलेले अक्षर पूर्ण धरते. कुणी उच्चारावर मोजले तर त्यांच्याशी मी भांडणार नाही.

जपानी हायकूत 'किरेजी' असतो, म्हणजे कापणारा शब्द, ज्याच्यापाशी कविता क्षणभर तुटते. आपल्याकडे तसा शब्द नाही, पण कटिंग आहे. एका चहाचे दोन केले की जे होते ते कटिंग, आणि अर्ध्यातच पूर्ण चहाचे समाधान देण्याची त्याची रीत मला हायकूच्या फार जवळची वाटते.

थेंब पत्र्याचा
ग्लासात वाढला की
कटिंग माझा

या हायकूत आधी टपरीवाल्या काकांच्या पातळ चहावर एक चिमटा होता, तो मी काढून टाकला. पावसात बारा-बारा तास उभ्या असणाऱ्या माणसाला हास्याचा विषय करणे मला बरे वाटत नाही, आणि तसे केले की हायकूची पुन्हा वात्रटिका होते, तीही वाईट. पाणीपुरीच्या गाडीवर, शेवटच्या सुक्या पुरीसाठी थांबलेले, हसण्यासारखे असतो ते आपण खाणारेच, बँकेतले साहेब असोत की कॉलेजातल्या मुली:

द्रोण रिकामा
तरी उभे सगळे
सुकीच्या कामा

त्या ज्येष्ठ कवींना मी शिकींची एक रचना दाखवणार आहे. १८९५ साली नारा येथे गेले असता त्यांनी ती लिहिली. काकी हे टेंभुर्णीच्या कुळातले केशरी फळ त्यांच्या अतिशय आवडीचे होते. ते खाता खाता घंटा वाजते आणि शेवटी फक्त देवळाचे नाव येते, होर्यूजी. जपानमधल्या सर्वांत प्रसिद्ध हायकूंपैकी एक असलेली ही कविता म्हणजे एक माणूस फळ खातो आहे, एवढेच. आपण कुठे आहोत हे त्याला आवाजावरून कळते.

लोकलच्या महिला डब्यात थंडीच्या दिवसांत आम्हालाही ते असेच कळते. पिशव्या उघडतात, मांडीवर ओढणी पसरली जाते, ज्यांची नावेही ठाऊक नाहीत अशा बायका एकमेकींच्या शेंगा सोलू लागतात, आणि खिडकीबाहेर कुणी पाहत नाही.

शेंगा कुर्ल्याला
सोलून झाले दाणे
कळवा आला