'आंधळ्याचा मुलगा आंधळाच' हे द्रौपदी म्हणाली कुठे?

भाच्याच्या लग्नाला पंधरा दिवस होत नाहीत तोच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो निरोप येऊन पडला. नव्या सुनेला ग्रुपात घेतलेलं होतंच. वर 'पौराणिक कथांमधून आध्यात्मिक बोध', शेजारी कमळ, जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा: मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा द्रौपदी हसली आणि 'आंधळ्याचा मुलगा आंधळाच' म्हणाली, त्याआधी स्वयंवरात तिने कर्णाला 'सूतपुत्र' म्हणून झिडकारलं, या दोन वाक्यांपायी अठरा अक्षौहिणी सैन्य मेलं, तेव्हा स्त्रीने जिभेला लगाम घालावा, हाच महाभारताचा बोध.

पाठवणाऱ्या आमच्या थोरल्या वन्सं. त्यांच्या मनात काही वाकडं नसणार, आलेलं पुढे ढकलायची सवय. पण खाली धडाधड अंगठे पडलेले बघितले आणि मी सभापर्व काढून बसले.

आता महाभारत म्हणजे कोणतं, हे आधी सांगायला हवं, कारण पोथीपोथीत फरक आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढी वर्षं खपून, काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळमपर्यंत १,२५९ हस्तलिखितं जमवली, ताडून पाहिली आणि चिकित्सक आवृत्ती काढली. बहुतेक प्रांतांतल्या पोथ्यांत आढळतो तो पाठ वर, एखाद्याच शाखेत सापडतो तो तळटीपेत नाहीतर परिशिष्टात. मी बोलतेय ती मुख्यतः या आवृत्तीवरून.

पहिलं, ते हसणं. दुर्योधन स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून वस्त्र वर खोचतो, मग खऱ्या पाण्याला जमीन समजून अंगावरच्या कपड्यांनिशी आत पडतो. नोकर हसतात. राजाच्या हुकमाने त्याला कोरडी वस्त्रं देतात. मग भीम, अर्जुन, नकुल, सहदेव हसतात. कथा सांगणारा इथे नावं घेऊन सांगतो, आणि त्या नावांत द्रौपदी नाही. ती येते नंतर, हस्तिनापुरात, दुर्योधन बापाला जुगाराची परवानगी मागताना आपली कैफियत मांडतो तेव्हा. त्यात कृष्ण हसला, अर्जुन हसला आणि बायकांसह द्रौपदीही हसली, असं तो म्हणतो. म्हणजे ती हसली असेलही. पण साक्षीदार एकच आणि तोच फिर्यादी. शिवाय त्याच्याही तक्रारीत ती काही बोलल्याचं नाही. हसली, एवढंच.

मग ते आंधळ्याचं वाक्य आलं कुठून? माझ्या पिढीने ते रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर बसून हिंदीत ऐकलंय, म्हणून सगळ्यांना ते व्यासांचंच वाटतं. व्यासांच्या प्रचलित पाठात त्याच्या जवळ जाणारं एकच सापडतं: दुर्योधन सांगतो की भीमाने हसत मला 'धृतराष्ट्रात्मज' अशी हाक मारली आणि 'राजा, दार इकडे आहे' म्हणाला. धृतराष्ट्राचा मुलगा म्हणजे आंधळ्याचा मुलगा, असा कुणीतरी पुढे अर्थ लावला असावा. हा माझा अंदाज. पण तो खरा धरला तरी ते तोंड भीमाचं होतं. ते द्रौपदीच्या नावावर कसं चढलं, हे कुठल्याही घरात चार दिवस राहिलं की कळतं.

कर्णाचं थोडक्यात उरकते. 'नाहं वरयामि सूतम्', मी सूताला वरणार नाही, हे वाक्य काही पोथ्यांत आहे. कोपरगावचे, पुढे काशीत राहिलेले नीलकंठ चतुर्धर यांच्या टीकेचा, म्हणजे भाष्याचा, जो पाठ सर्वत्र चालतो, त्यातही आहे. आदिपर्वाचे संपादक सुखटणकर यांनी मात्र ते मूळ पाठात घेतलेलं नाही. आणि अर्जुन उठतो तेव्हा जमलेले ब्राह्मण कुजबुजतात काय? कर्ण, शल्य यांच्यासारख्या नामवंतांना जे धनुष्य वाकवता आलं नाही, ते या पोराला काय जमणार! म्हणजे कर्णाला अडवलं ते धनुष्याने.

आता मुख्य मुद्दा: तिच्या हसण्याने युद्ध झालं. भीमाला लहानपणी विष घालून गंगेत ढकललं तेव्हा द्रौपदी कुठे होती? वारणावतात लाखेचं घर बांधून पाचही भावांना आईसकट जाळायचा बेत झाला तेव्हा? लग्न सोडा, तिचं नावही तोवर या घरात कुणी काढलेलं नव्हतं.

आणि मयसभेनंतर दुर्योधनाला नेमकं काय खुपतंय, हे तो स्वतःच सांगतो, अध्यायच्या अध्याय सांगतो. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात आहेर स्वीकारायचं काम त्याच्याकडे होतं. घेता घेता माझे हात चालेनात, मी थकलो तरी लांबून आणलेलं धन घेऊन लोक उभेच होते, असं तो बापाला सांगतो. कांबोजाने काय दिलं, तित्तिर पक्ष्यासारखे ठिपके असलेले घोडे तीनशे, उंट किती, हे सगळं तोंडपाठ. मुंग्यांनी उकरून काढलेलं सोनं कुणी आणलं तेसुद्धा! लग्नघरात आहेराची वही लिहायला बसलेल्या माणसाचा जीव दुसऱ्याच्या वहीत अडकावा, तसं झालंय. शकुनीपाशी तर तो म्हणतो, आगीत उडी घेईन, विष खाईन, पाण्यात जीव देईन, पण हे बघत जगणार नाही.

इथे आध्यात्मिक बोध हवाच असेल तर तो आयता ठेवलेला आहे, तोही आंधळ्या बापाच्या तोंडी. धृतराष्ट्र त्याला समजावतो: बाळ, पांडवांचा द्वेष करू नकोस, द्वेष करणाऱ्याला मरणाइतकं दुःख होतं. यावर पोरगा उत्तर देतो, 'असंतोषः श्रियो मूलम्', असंतोष हेच वैभवाचं मूळ. हे वाक्य आज एखाद्या क्लासच्या भिंतीवर लावलं तर पालक फोटो काढून स्टेटसला ठेवतील.

राहिला जिभेचा लगाम. द्यूतात हरल्यावर तिला सभेत आणायला सूत जातो, तेव्हा ती रडत बसत नाही. परत पाठवते त्याला: जा, त्या जुगाऱ्याला भर सभेत विचार, आधी कोणाला हरलास, स्वतःला की मला? जो स्वतःच दास झाला त्याला दुसऱ्याला पणाला लावायचा हक्क उरतो का, हा तो पेच. भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे, मला नीट सांगता येत नाही. कौरवांतला विकर्ण तेवढा तिच्या बाजूने उभा राहतो. केस धरून ओढत आणल्यावरही तिचा प्रश्न तोच.

शेवटी कोल्हेकुई ऐकून घाबरलेला धृतराष्ट्र तिला वर माग म्हणतो. पहिल्याने ती युधिष्ठिराला सोडवते, का, तर पोरं त्याच्यापासून झालेल्या माझ्या मुलाला, प्रतिविंध्याला, 'दासपुत्र' म्हणू नयेत. दुसऱ्याने बाकीचे चौघे, रथ आणि धनुष्यांसकट. तिसरा नको म्हणते: लोभाने धर्म बुडतो. दोन्ही वरांत स्वतःसाठी काहीही मागितलेलं नाही.

ते बघून सभेत एकजण म्हणतो की रूपासाठी गाजलेल्या बायकांपैकी कुणी असं काही केल्याचं ऐकलेलं नाही. नावेशिवाय खोल पाण्यात बुडणाऱ्या पांडवांना ही पांचाली पैलतीरी नेणारी नाव झाली. बोलण्यात टोमणाही असेल, भीमाला ते चांगलंच झोंबतं. पण म्हणणारा कोण? कर्ण. वन्सं, पुढच्या भागात हे घाला. सभापर्वात आहे, द्यूतानंतर लगेच.