भट्टी गार कुणी केली?

रविवारी सांजचं कोल्हापुरात गंगावेशच्या दूध कट्ट्यावर आम्ही तिघं. समोरच म्हशीची धार काढणं चाललेलं, ग्लासात बोटभर फेस. बाळ्यानं तोंड उघडलं ते शिव्या घालतच. शिरोलीत तो कामाला आहे त्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, ओव्हरटाईम परत बंद.

"मंदी हाय मर्दा. पावसागत येती, जाती," दिन्या म्हणाला. त्याचे दोन ट्रक आहेत.

"पावसागत? मग २०१९ ला माझं काम कुठल्या ढगातनं गेलं?"

बाळ्या तेव्हा ठेकेदाराकडं, फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायला. ट्रकचे ब्रेक ड्रम घासायचा. जुलै २०१८ मध्ये केंद्रानं ट्रकची भारक्षमता २०-२५ टक्क्यांनी वाढवली. पाच ट्रकांचा माल चारांत बसायला लागला, मग नवा ट्रक घेतोय कोण? ड्रमच्या ऑर्डरी आटल्या, भट्टी आठवड्यातनं तीनच दिवस पेटायला लागली. काढलं असं कुणी म्हणालंच नाही. "उद्या येऊ नको, फोन करतो," एवढंच. तो फोन आला नाही.

त्यात फायनान्सवाल्यांनी हात आखडलेले, कमी धुराच्या नव्या नियमातल्या बीएस-सहाच्या गाड्या एप्रिल २०२० पासून येणार म्हणून गिऱ्हाईक थांबलेलं. एकट्या भारक्षमतेच्या नियमाच्या माथी सगळं मारता येत नाही.

"मला तर नियम बरा वाटलेला," दिन्या म्हणाला. "सहा महिने मजा केली. मग सगळेच जास्त भरायला लागले आणि भाडं उतरलं. हप्ता हाय तेवढाच."

उद्यमनगरातल्या दोन-चार वर्कशॉपांचे हिशेब मी बघतो, त्यामुळं गप्प बसवेना. मंदीवर उतारा म्हणून सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा मूळ कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. माझी गिऱ्हाइकं भागीदारीतली, नाहीतर एकट्याच्या नावावरची. त्यांना त्यातलं काहीच नाही. आणि ऑर्डरच नसताना कर कमी होऊन त्याचं काय लोणचं घालायचं?

"मग भारक्षमता वाढवायचीच न्हाई काय?" दिन्या चिडला.

"वाढवा की! पन हजेरीतनं माझं नाव खोडताना चार पैसे हातावर ठेवा. मी अजून ठेकेदाराकडंच हाय."

दिन्या जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "अजून एक ग्लास सांगू?"

"नको. ओव्हरटाईम बंद हाय."