सगळेच देवाची लेकरं, मग दत्तक कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली होती, त्यामुळे दोन ओळींत ‘धन्यवाद’ म्हणून मोकळं व्हावंसं वाटलं नाही. मागाहून वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याला देव दत्तक घेतो आणि त्यातच त्याचं प्रेम सगळ्यात जास्त दिसतं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुम्हाला ही गोडगोड कल्पना वाटली. सगळी माणसं देवानेच घडवली असतील तर तो सगळ्यांचाच बाप. मग तुम्हाला दत्तक घेतलं म्हणजे बाकीचे अनाथ का, हा निव्वळ धर्माचा अहंकार आहे, असं तुम्ही म्हणता. शिवाय दत्तक म्हटलं की दुय्यमपणा आलाच. आणि बाप एवढा प्रेमळ, तर त्याच्याच लेकरांचे हाल का? शेवटी लिहिलंत, ‘माझ्या वडिलांचा अनुभव घेतल्यावर देवाला बाप म्हटल्याने मला धीर येत नाही, अंगावर काटा येतो.’ आणि तरीही विचारलंत की बायबल स्वतः वाचून बघायचं तर कुठून सुरुवात करू.

अंगावर काटा येतो, हे तुमचं वाक्य उरकून टाकण्यासारखं नाही. त्याकडे सावकाश येते.

सगळी माणसं देवाची, हे तुमचं म्हणणं बायबललाही मान्य आहे. ज्याची पत्रं बायबलमध्ये आहेत तो प्रेषित पौल अथेन्समध्ये अरीयपग नावाच्या सभेच्या जागी उभा राहिला तेव्हा समोर ख्रिस्ती मंडळी नव्हती. तरी त्याने त्यांच्याच एका कवीची ओळ उचलून सांगितलं की आपण सारे देवाचे वंशज आहोत. येशूचं चरित्र लिहिणाऱ्या लूकने त्याची वंशावळ मागे मागे नेत पहिला माणूस आदाम याच्यापर्यंत आणली आणि आदामाला थेट देवाचा पुत्र म्हटलं. देव आपला सूर्य चांगल्यांवर आणि वाईटांवर सारखाच उगवतो, हे तर येशूचंच बोलणं. निर्माता म्हणून देव कुणा एका धर्माचा नाही. ख्रिस्ती नसलेल्या माणसाची किंमत देवाच्या लेखी कमी आहे असं कुणी शिकवत असेल, तर तो बायबलबाहेरचं शिकवतो.

पण त्याच बायबलचं एक निदानही आहे: ज्याने आपल्याला घडवलं त्याच्यापासून आपण दुरावलो आहोत. आदाम झाडांआड लपतो तिथपासून ही कथा सुरू होते. हे निदानच तुम्हाला पटत नसेल, तर दत्तक घेण्याची गोष्ट अनावश्यक वाटणं अगदी साहजिक आहे. जे नातं शाबूत आहे ते पुन्हा कशाला जोडायचं? आपला खरा मतभेद इथे आहे, अहंकाराच्या प्रश्नात नाही. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, पहिल्याच अध्यायात येतं की ज्यांनी ज्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला त्यांना देवाची मुलं होण्याचा अधिकार मिळाला. लगेच पुढे हेही येतं की हा जन्म रक्तातून होत नाही, देहाच्या इच्छेने होत नाही, माणसाच्या इच्छेनेही होत नाही. माझ्या आईवडिलांचा विश्वास, माझा बाप्तिस्मा, चर्चमधलं आमच्या घराण्याचं नाव, यातल्या कशानेही मी देवाचं मूल ठरत नाही. ज्याला घरात घेतलं गेलं त्याच्याजवळ मिरवायला स्वतःचं असं काय असतं? तरीही आमच्यातले काहीजण ही शिकवण दुसऱ्याला हिणवायला वापरतात. तुम्हाला तसे कुणी भेटले असतील तर तुमचा राग रास्त आहे. करिंथ शहरातल्या मंडळीतही, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांतही, असे लोक होते आणि पौलाने त्यांना सरळ विचारलं होतं: तुला मिळालेलं नाही असं तुझ्याजवळ आहे तरी काय?

आता दुय्यमपणाबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण कितीतरी विश्वासणारेही मनातल्या मनात हेच धरून बसलेले असतात. देवाने आपल्याला पदरात घेतलं खरं, पण नाइलाजाने. घरात जागा दिली, पण दाराजवळची.

पौलाने रोमच्या मंडळीला पत्र लिहिलं ते साधारण इ.स. ५७ च्या सुमारास. तेव्हा गादीवर नीरो होता आणि नीरो स्वतः दत्तकपुत्र होता. त्याच्या आधीचा बादशहा क्लॉडियस याला पोटचा मुलगा होता, ब्रिटानिकस. तरी क्लॉडियसने इ.स. ५० मध्ये आपल्या बायकोचा आधीच्या लग्नाचा मुलगा, म्हणजे हाच नीरो, दत्तक घेतला. चार वर्षांनी क्लॉडियस गेला आणि गादी दत्तकाला मिळाली. पुढच्याच वर्षी ब्रिटानिकस जेवता जेवता कोसळला आणि मेला. त्याला चौदा वर्षंही पुरी झाली नव्हती. नीरोनेच त्याला विष घालायला लावलं, असं रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलं आहे.

हे सगळं रोमच्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. त्यामुळे ‘दत्तक म्हणजे दुय्यम’ हे तिथे कुणाच्या मनातही आलं नसतं. रोमन कायद्याने दत्तकाला नव्या बापाचं नाव मिळे, पुरता वारसा मिळे, जुन्या घराचा त्याच्यावरचा हक्क संपे. मनात आलीच असती तर उलटी शंका आली असती: दत्तक घरात शिरला, आता पोटच्या मुलाचं काही खरं नाही.

अशा शहरात पौल लिहितो की आपण देवाची मुलं आहोत, म्हणून वारसही आहोत, देवाचे वारस आणि ख्रिस्ताबरोबर सहवारस. इथे कुणी कुणाला बाजूला सारत नाही. पुत्र, म्हणजे ख्रिस्त, स्वतः पुढे येऊन परक्यांना घरात आणतो, आपल्या वाट्यात त्यांना वाटेकरी करतो आणि बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात म्हटलंय तसं, त्यांना भाऊ म्हणायला लाजत नाही. मुख्य म्हणजे देवाची काही अडचण नव्हती. रोमचा पहिला बादशहा ऑगस्टस याने इ.स. ४ मध्ये टायबेरियसला दत्तक घेतलं ते ज्यांच्यावर भिस्त होती ती नातवंडं मेल्यावर, आणि हे मी राज्यासाठी करतो आहे असं त्याने बोलूनही दाखवलं. वारस हवा म्हणून केलेला व्यवहार होता तो. देवाजवळ मात्र पुत्र होता, अनादि काळापासून होता, आणि त्याच्याविषयी तो संतुष्ट होता. त्याच्या घरात कसलीही उणीव नव्हती. तरी त्याने आपल्याला घेतलं. का घेतलं, याचं इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात दिलेलं कारण एवढंच आहे की त्याने प्रेम केलं आणि तसं करण्यात त्याला आनंद होता. या प्रेमाला दुसरं कारण सापडत नाही, आणि म्हणूनच मला ते भक्कम वाटतं. माझ्या एखाद्या गुणामुळे ते जडलं असतं तर तो गुण संपला की तेही संपलं असतं.

अटक होण्याच्या रात्री येशूने केलेली प्रार्थना योहानाच्या १७व्या अध्यायात आहे. त्यात तो पित्याला म्हणतो की तू माझ्यावर प्रीती केलीस तशीच त्यांच्यावरही केलीस, हे जगाला कळावं. तशीच! दत्तकांसाठी हलक्या प्रतीचं प्रेम वेगळं काढून ठेवलेलं नाही.

रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात लांबलचक नावं येतात, पुष्कळजण ती गाळून पुढे जातात. त्यात पौल नार्किसाच्या घरच्या विश्वासणाऱ्यांना सलाम सांगतो. अशा बड्या घरातली माणसं म्हणजे बहुधा तिथले गुलाम किंवा गुलामीतून सुटलेले लोक, असं अनेक अभ्यासक मानतात. रोमन कायद्याच्या दृष्टीने गुलामाला बाप नसायचा. जन्म देणारा माणूस असे, पण कायद्यापुढे गुलाम कुणाचाच मुलगा नव्हता, तो मालकाची मत्ता होता. असा एखादा माणूस काम आटोपून कुणाच्या तरी घरी जमलेल्या मंडळीत येऊन टेकला आहे आणि पत्र मोठ्याने वाचलं जातं आहे. पुन्हा भ्यावं असा दासपणाचा आत्मा तुम्हाला मिळालेला नाही, दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे, त्याच्यामुळे आपण ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो (‘अब्बा’ म्हणजे येशूच्या अरामी भाषेत बाप). ज्याला हाक मारायला कायद्याने बापच नव्हता, त्याच्या कानावर हे शब्द पडतात. या शिकवणीत दुय्यमपणा शोधताना मला नेहमी तो आठवतो.

आणि ती हाक स्वस्त नाही. चारही शुभवर्तमानांत येशूच्या तोंडी ‘अब्बा’ एकदाच येतं, मार्कच्या शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात, गेथशेमाने बागेत. रात्र झालेली, बरोबर नेलेले तिघे शिष्य झोपी गेलेले, आणि तो जमिनीवर पडून म्हणतो की अब्बा, बापा, तुला सगळं शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर. तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. प्याला (म्हणजे पुढ्यातलं दुःख आणि मरण) दूर झाला नाही. दुसऱ्या दिवशी क्रुसावरून तो ओरडला तेव्हा मार्कने लिहिलेल्या त्या आरोळीत ‘बापा’ नाही. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ एवढंच आहे. टाकून दिलेल्याची जागा पुत्राने घेतली, म्हणून टाकून दिलेल्यांना पुत्राची जागा मिळाली. गलतीकरांस पत्राचा चौथा अध्याय हेच सांगतो. तुम्ही याला गोडगोड म्हणालात. मला हा भाग वाचताना दरवेळी धडकी भरते, आणि मग त्याच पित्याला निर्धास्त हाक मारता येते याचं नवल वाटतं.

हालांच्या प्रश्नाचं उत्तरही इथूनच निघतं, आणि ते पुरं उत्तर आहे असा माझा दावा नाही. ज्या पित्याने स्वतःच्या पुत्राला दुःखातून वगळलं नाही, त्याने आम्हाला वगळण्याचं वचन कधी दिलेलंच नाही. रोमकरांस ८ मध्ये ‘सहवारस’ म्हटल्यावर लगेच ‘त्याच्याबरोबर दुःख भोगणं’ येतं. पुढे असंही येतं की दत्तकपणा पुरा होण्याची, म्हणजे शरीराची सुटका होण्याची, आपण कण्हत वाट पाहतो. म्हणजे आजारपण, मरण, अन्याय हे सगळं अजून शिल्लक आहे. १६४६ साली इंग्लंडमध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीत, म्हणजे ख्रिस्ती शिकवण मांडणाऱ्या दस्तऐवजात, दत्तकपणावर स्वतंत्र अध्याय आहे, बारावा, जेमतेम एका परिच्छेदाचा. देव आपल्या लेकरांची कीव करतो, त्यांना जपतो, त्यांचं पुरवतो, शिस्तही लावतो, पण त्यांना कधीही टाकून देत नाही, अशा अर्थाचं त्यात म्हटलं आहे. वचन आहे ते एवढंच. ज्याचं मूल आजारी आहे त्याला ते आज अपुरं वाटेल आणि त्याला मी नावं ठेवणार नाही.

आता तुमच्या वडिलांबद्दल. काय घडलं ते तुम्ही लिहिलं नाही आणि मीही विचारणार नाही.

त्यांनी जे केलं त्यावर देवाची सही नाही, एवढं मात्र मी ठामपणे सांगते. आमच्याही घरांत देवाचं नाव घेऊन पोरांना गुरासारखं झोडपणारे बाप आहेत, आणि ते पाप आहे. त्याला शिस्त म्हणायचं नाही. मुलांना चिडवून सोडू नका असं पौलाने बापांनाच बजावलं आहे. ‘बाप’ ही हाक तुमच्या तोंडी येत नसेल तर ती ओढूनताणून आणू नका. बायबलमधल्या स्तोत्रांमध्ये देवाला मेंढपाळ म्हटलंय, खडक म्हटलंय, आसरा म्हटलंय. यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात तो म्हणतो की आई समजावते तसं मी तुम्हाला समजावीन. यातली कुठलीही हाक मारा, ती पोचते.

मात्र देव कसा बाप आहे हे आपल्या वडिलांकडे बघून ठरवायचं, असं ख्रिस्ती विश्वास सांगतच नाही. फिलिप्प या शिष्याने ‘आम्हाला पिता दाखव’ म्हटलं तेव्हा येशू म्हणाला, ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं. मग बघायचं येशूकडे. कुष्ठरोग्याला हात लावून बरं करणारा, शिष्य दटावत असताना लेकरांना कवेत घेणारा, मेलेल्या मित्राच्या, लाजाराच्या, कबरेकडे जाताना रडणारा. २७व्या स्तोत्रात तर आईबापांनी टाकलेल्या माणसाचाच आवाज आहे: त्यांनी मला सोडलं तरी परमेश्वर मला जवळ घेईल. घरातच जखमी झालेल्या माणसांना देव अनोळखी नाही.

वाचायला लूक १५ पासून सुरुवात करा. उधळ्या मुलाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, तरी यावेळी एक गोष्ट ताडून बघा. मुलगा परतताना भाषण मनात जुळवून निघतो: मी चुकलो, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला एखाद्या मजुरासारखं ठेवा. तो अजून दूर असतानाच बाप धावत येऊन त्याच्या गळ्यात पडतो. मुलगा ठरलेलं बोलायला लागतो, आणि मजुराचं वाक्य तोंडातून निघायच्या आतच बाप चाकरांना उत्तम झगा आणायला सांगतो. मोठ्या मुलाचं बोलणंही नीट वाचा. तो कधी घराबाहेर पडलेला नसतो आणि तरी बापाला म्हणतो की इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली. तुम्ही ज्या अहंकाराबद्दल लिहिलंत, तो मला या मोठ्या भावात दिसतो. त्याची समजूत घालायलाही बाप घराबाहेर येतो, हे विसरू नका.

त्यानंतर योहान १७, मग रोमकरांस ८. घाई नको. निर्मात्यापासून आपण दुरावलो आहोत, या मूळ निदानाबद्दल तुमचं काय मत आहे ते वाचून झाल्यावर नक्की कळवा, कारण पुढचं सगळं बोलणं त्यावरच अवलंबून आहे.