खुर्चीत गेलेला सर्जन वाया जातो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आणि खरमरीत आहे, तेव्हा उत्तरही दोन ओळींत उरकणार नाही.

ज्यांनी आधीचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जपानमधल्या योकोसुका इथे अमेरिकन नौदलाचं जे रुग्णालय आहे, त्याच्या प्रमुखपदापर्यंत माणूस कसा पोचतो, हे मी लिहिलं होतं. आधी विभागप्रमुख, मग शस्त्रक्रिया, नर्सिंग किंवा प्रशासन अशा एखाद्या शाखेचा संचालक, मग उपप्रमुख, आणि निवड मंडळानं नाव काढलं तर कमांडिंग ऑफिसर. या शिडीवर फक्त डॉक्टर नसतात. नर्स, दंतवैद्य, प्रशासक आणि औषधनिर्माते अधिकारीही असतात. आयुष्यभर सांगलीकडे शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरसाहेबांना हे पटलं नाही. त्यांनी लिहिलं, ‘ज्याच्या हातावर सरकारनं लाखो खर्च केले त्या सर्जनला खुर्चीत बसवायचं आणि नर्सनं त्याला हुकूम द्यायचे, याला तुम्ही करिअर म्हणता? उद्या वॉर्डबॉय डीन होईल. आणि आपलं मुंबईतलं नौदलाचं अश्विनी रुग्णालय सोडून अमेरिकन बँडबाजाचं कौतुक कशाला? तुम्ही कधी गणवेश घातलाय का?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नाही घातला. पुण्यात एका ट्रस्टच्या रुग्णालयात प्रशासनात होतो, आता योकोहामात राहतो. योकोसुकाच्या तळाच्या फाटकाच्या आत जातो तोही सामान्य लोकांना सोडतात त्या दिवशी, रांगेत उभा राहून. तेव्हा उंटावरून शेळ्या हाकतोय म्हणालात तरी चालेल. पण शेळ्या कुठे चालल्यात हे उंटावरून जरा बरं दिसतं.

आता मुख्य मुद्दा, सर्जन वाया जाण्याचा. त्यासाठी योकोसुकाचीच एक जुनी गोष्ट सांगतो, अमेरिकन यायच्या कितीतरी आधीची.

योकोसुका-चुओ स्टेशनाबाहेर पडलं की जिकडेतिकडे ‘नेव्ही करी’च्या पाट्या दिसतात. ताट समोर येतं त्यात मांसाची दाट करी आणि भात, बाजूला थोडं सॅलड आणि दुधाचा ग्लास. हो, करीबरोबर दूध! आमच्या आजीनं पाहिलं असतं तर ‘विरुद्ध अन्न’ म्हणून ताट उचलून नेलं असतं. पण नौदलाचं हे ताट ज्या हिशेबातून आलं, त्याच्या मुळाशी एक डॉक्टर आहे, आणि तो डॉक्टर खुर्चीत गेला होता.

ताकाकी कानेहिरो लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शिकून १८८० मध्ये परतला आणि तोक्योच्या नौदल रुग्णालयाचा प्रमुख झाला. तेव्हा जपानी नौदल बेरीबेरी या जीवघेण्या रोगानं पोखरलं होतं. ‘र्‍युजो’ हे प्रशिक्षण जहाज १८८२ च्या अखेरीस न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका, हवाई अशा फेरीला निघालं. जहाजावर ३७६ माणसं होती. त्यांतली १६९ आजारी पडली आणि २५ मेली. वॉर्डात बसून ताकाकीनं आणखी शंभर रुग्ण तपासले असते तरी एकही वाचला नसता, कारण रोग वॉर्डात नव्हता, मुदपाकखान्यात होता. आणि खरं सांगायचं तर मुदपाकखान्यातही नव्हता, हिशेबाच्या वहीत होता. खलाशांना जेवणाचे पैसे रोख मिळायचे. गरीब घरची पोरं. ती पैसे वाचवून घरी पाठवायची आणि स्वतः पांढऱ्या भातावर दिवस काढायची.

मग या डॉक्टरनं काय केलं? मंत्र्यांचे उंबरठे झिजवले. जेवणाचा भत्ता रोख न देता शिधाच द्यायची व्यवस्था लावून घेतली, आणि ताटात मांस, दूध, पाव वाढवले. १८८४ मध्ये ‘त्सुकुबा’ हे जहाज मुद्दाम ‘र्‍युजो’च्या मार्गानं पाठवायला लावलं. सरकारला ते महागात पडणार होतं आणि फसलं असतं तर ताकाकीची नाचक्की ठरलेली होती. पण जहाज परत आलं तेव्हा आजारी मोजकेच होते आणि बेरीबेरीनं एकही दगावला नव्हता. गंमत म्हणजे त्याचा सिद्धांत चुकीचा होता. प्रथिनं कमी पडतात असं त्याला वाटायचं. खरी उणीव होती ती आज आपण ब१ म्हणतो त्या जीवनसत्त्वाची. निर्णय मात्र बरोबर ठरला.

उलट भूदलाकडे पाहा. तिथले वैद्यकीय अधिकारी जर्मनीत शिकलेले, त्या काळच्या मानानं अव्वल दर्जाचे. बेरीबेरी जंतूंनी होतो यावर ते अडून बसले आणि पांढरा भात सोडायला तयार झाले नाहीत. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात जपानी भूदलाचे सुमारे २७ हजार सैनिक बेरीबेरीनं मेले. नौदलात तो रोग तोवर जवळजवळ हद्दपार झाला होता.

डॉक्टरसाहेब, ताकाकीनं आयुष्यभर फक्त रुग्ण तपासले असते तर ते वाया जाणं ठरलं असतं, असं माझं म्हणणं आहे. खुर्चीत गेलेला प्रत्येक जण ताकाकी निघत नाही, हे मान्यच. बरेच जण खुर्ची उबवतात आणि पुढची बदली बघतात. पण म्हणून खुर्ची रिकामी ठेवता येत नाही. तुम्ही बसला नाहीत तर तिथे कोणीतरी बसणारच आहे.

आता नर्सच्या हुकमाबद्दल. १९८३ मध्ये मेरी हॉल या नर्स अधिकाऱ्याला अमेरिकन नौदलानं ग्वांतानामो बेच्या रुग्णालयाचं प्रमुखपद दिलं. अमेरिकन सैन्यात रुग्णालयाची कमान नर्सकडे जाण्याची ती पहिलीच वेळ, आणि रुग्णालयही मायभूमीबाहेरचं, क्यूबातलं. तेव्हाही तुमच्यासारखेच सूर निघाले असतील. पण अशा प्रमुखाच्या टेबलावर येतं काय, ते बघा. पोट कसं उघडायचं हे प्रमुख कधीच सांगत नाही. कोणत्या सर्जनला कोणत्या शस्त्रक्रियेची मुभा द्यायची, ती शिफारस डॉक्टरांचीच समिती करते. प्रमुख सही करतो आणि उद्या काही झालं तर त्या सहीचा जाब देतो. खरे अवघड निर्णय वेगळेच असतात. इथे कोणती शस्त्रक्रिया करायचीच नाही? कोणता रुग्ण जपानी रुग्णालयात पाठवायचा, आणि रात्री दोन वाजता त्याच्यासोबत दुभाषा कोण जाणार? ज्या मुलाला सतत तज्ज्ञ उपचार लागतात त्याच्या कुटुंबाला मुळात जपानला येऊ द्यायचं का? (ही चाळणी अमेरिकेतून निघण्याआधीच लागते. त्यावरून बदल्या अडतात, घराघरांत वाद होतात.)

परदेशातल्या छोट्या रुग्णालयाची एक अडचण तुम्ही सर्जन म्हणून माझ्यापेक्षा चांगली ओळखाल. तिथले रुग्ण बहुतेक तरुण, धडधाकट. बाळंतपणं भरपूर, मोठ्या शस्त्रक्रिया कमी. हात गंजतो. म्हणजे ज्या सर्जनला उद्या जहाजावर किंवा रणभूमीवर पाठवायचं, त्याचा हात चालता राहावा म्हणून काय करायचं, हाही प्रमुखाचाच प्रश्न. त्याचं उत्तर शस्त्रक्रियागृहात नाही. ते करारांत, वेळापत्रकांत आणि शेजारच्या रुग्णालयांशी असलेल्या संबंधांत आहे. योकोसुकाच्या रुग्णालयात दरवर्षी काही तरुण जपानी डॉक्टर वर्षभर शिकायला येतात. त्या जागांसाठी चांगली चुरस असते. वर्ष संपलं की ते जपानी रुग्णालयांत पांगतात. त्यांची ओळख रुग्ण पाठवताना किती उपयोगी पडत असेल, हे वेगळं सांगायला नको.

आणि कधीतरी हे सगळं एकाच रात्री तपासलं जातं. १७ जून २०१७ ला पहाटे दीडच्या सुमारास ‘फिट्झगेराल्ड’ ही अमेरिकन विनाशिका आणि एक मालवाहू जहाज यांची जपानच्या किनाऱ्याजवळ टक्कर झाली. सात खलाशी बुडून गेले. जखमी कप्तानाला हेलिकॉप्टरनं योकोसुकाच्या याच रुग्णालयात आणलं. अशा पहाटे प्रमुख डॉक्टर आहे की नर्स, हे कोणी विचारत नाही. कोण कुठल्या जागी उभं राहणार हे आधी ठरवून ठेवलंय का, एवढंच विचारतात.

वॉर्डबॉयचा टोमणा मात्र तुम्हाला शोभत नाही. नर्स अधिकारी होऊन नौदलातल्या कॅप्टनच्या (म्हणजे भूदलातल्या कर्नलच्या बरोबरीच्या) हुद्द्यापर्यंत पोचलेली बाई वीस-पंचवीस वर्षं रुग्णालय आतून-बाहेरून पाहून आलेली असते. आपल्याकडे सैन्याच्या रुग्णालयाचा प्रमुख डॉक्टरच असतो. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधली बाई मेजर जनरल झाली तरी नर्सिंगची प्रमुख होते, रुग्णालयाची नाही. यात नुकसान आपलंच आहे असं माझं मत आहे, आणि ते पुण्यातल्या नोकरीत झालेलं आहे, अमेरिकनांचं बघून नव्हे.

बँडबाजाबद्दल थोडं. सूत्रं बदलण्याच्या समारंभात आदेश मोठ्यानं वाचून दाखवतात. नवा अधिकारी म्हणतो, ‘आय रिलीव्ह यू, सर’. जुना म्हणतो, ‘आय स्टँड रिलीव्ह्ड’. त्या क्षणापासून रुग्णालयात जे होईल ते नव्याच्या नावावर. दिखाऊ आहे, खरं. पण पुढे काही बिघडलं तर तेच नौदल त्याच माणसाला ‘नेतृत्वक्षमतेवरचा विश्वास उडाल्यामुळे’ हटवल्याचं नावानिशी जाहीर करतं. आपल्याकडच्या सार्वजनिक रुग्णालयात काही घडलं की चौकशी समिती नेमतात आणि डीनची ‘प्रशासकीय कारणास्तव’ बदली होते. यातलं काय बरं, ते तुम्हीच सांगा.

तुमच्या जागी मी असतो तर टीका वेगळ्या ठिकाणी केली असती. प्रमुख दोन-तीन वर्षांत बदलतो. त्याला शहर कळायला लागतं तोवर सामान बांधायची वेळ येते. टिकून राहतात ते तळावरचे जपानी कर्मचारी. त्यांना नेमतं जपान सरकार, राबवून घेतो अमेरिकन तळ. कुठली फाइल कुठे अडते हे त्यांनाच ठाऊक, आणि शिडीवर त्यांना जागा नाही. दुसरं म्हणजे, २०१६ च्या अमेरिकन कायद्यानंतर सैन्याची रुग्णालयं टप्प्याटप्प्यानं संरक्षण खात्याच्या डिफेन्स हेल्थ एजन्सीकडे गेली. आता तोच माणूस नौदलाचा कमांडिंग ऑफिसर म्हणून माणसं युद्धासाठी तयार ठेवतो आणि एजन्सीचा संचालक म्हणून बाह्यरुग्ण विभाग चालवतो. दोन वरिष्ठ, दोन हिशेब. एकानं म्हणायचं सर्जन जहाजावर पाठव, दुसऱ्यानं म्हणायचं अपॉइंटमेंटची रांग कमी कर. एका म्यानात दोन तलवारी.

त्याचा फटका कोणाला बसला? २०२३ च्या सुरुवातीला जपानमधल्या तळांवरच्या अमेरिकन नागरी कर्मचाऱ्यांना, म्हणजे शाळांतल्या शिक्षकांना, गोदीतल्या अभियंत्यांना सांगण्यात आलं की जागा शिल्लक असेल तरच तुम्हाला इथे उपचार मिळतील, एरवी बाहेर जपानी डॉक्टर शोधा. ज्यांना ‘इकडे या, रुग्णालय आहे’ म्हणून आणलं, त्यांनाच हे ऐकवलं. बरीच ओरड झाली आणि नंतर धोरण थोडं सैल करावं लागलं. निर्णय वॉशिंग्टनकडचा, पण बैठकीत उभं राहून लोकांचे प्रश्न झेलायचे ते स्थानिक प्रमुखानं. नेतृत्वाच्या करिअरचा हाही भाग आहे, आणि भरतीच्या पत्रकात तो छापत नाहीत.

अश्विनीबद्दल मला पुरेपूर आदर आहे. पण परदेशी भूमीवर आपल्या नौदलाचं रुग्णालयच नाही. अंदमानातलं नौदलाचं धन्वंतरी रुग्णालय लांब असलं तरी आपल्याच मातीवर. त्यामुळे विषय योकोसुकाचा होता. आणि वॉर्ड सोडून खुर्चीत जाण्याला तुम्ही वाया जाणं म्हणता, तर पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, शिकलेल्या लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर यांच्याबद्दल काय म्हणाल? मुलांच्या मूत्रपिंडाच्या आजारांच्या तज्ज्ञ. पुढे त्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. सर्जन व्हाइस अ‍ॅडमिरल आरती सरीन याही एएफएमसीच्याच. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला.

राहिला तुमच्या नातीचा प्रश्न. तो तुम्ही टीकेच्या शेवटी हळूच विचारलात, पण मला वाटतं खरी काळजी तीच आहे. न्यू जर्सीतल्या तुमच्या नातीला अमेरिकन नौदलाची वैद्यकीय शिष्यवृत्ती घ्यावीशी वाटते. नागरिकत्व तिच्याकडे आहे, म्हणजे पहिली अट पूर्ण झाली. शिक्षणशुल्क आणि दरमहा भत्ता मिळतो. चार वर्षांच्या शिष्यवृत्तीला किमान चार वर्षांची सेवा द्यावी लागते, आणि रेसिडेन्सीत, म्हणजे तज्ज्ञ होण्याच्या प्रशिक्षणात, गेलेली वर्षं साधारणपणे त्या फेडीत धरत नाहीत. हे गणित तिनं कागदावर मांडावं. दुसरं, नौदलात इंटर्नशिप झाली की बऱ्याच जणांना आवडीच्या रेसिडेन्सीऐवजी आधी जहाजावर किंवा मरीन तुकडीबरोबर सामान्य वैद्यकीय अधिकारी म्हणून पाठवतात. सर्जन व्हायची घाई असलेल्या मुलीला ती वर्षं जड जातात. काहींना मात्र तीच आवडतात. योकोसुका, ग्वाम, नेपल्स ही नावं त्यानंतरची. भरती अधिकाऱ्याशी बोलण्याआधी तिनं अशा जागी काम करून आलेल्या दोघा-चौघांशी बोलावं, आणि त्यांतला निदान एक तरी जण सेवा सोडून गेलेला असावा. तुम्ही मात्र त्या फोनवर नसलेलंच बरं.