टकरीत चेपलेलं इंजिन म्हणजे भंगार नव्हे

दोन मालगाड्यांची टक्कर झाल्याची बातमी आली की चार दिवसांत तोच मेसेज फिरायला लागतो. चेपलेल्या इंजिनाचा फोटो आणि खाली मजकूर: "कोट्यवधींचं डिझेल इंजिन रेल्वे जागेवरच कापते आणि भंगारवाल्याला किलोच्या भावात देते. काही तर महिनोन्महिने रुळांशेजारी गंजत पडतात. दुरुस्ती नव्या इंजिनापेक्षा महाग पडते. आणि दुरुस्त केलेलं पुन्हा गाडीला लावणं म्हणजे चालकाच्या जिवाशी खेळ." परवा माझ्या भाच्यानेच मला तो पाठवला, "मामा, खरंय का?" असं विचारत. माझी उमेदीची सगळी वर्षं डिझेल शेडमध्ये गेली, त्यामुळे त्याला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं जमलं नाही.

पहिलं म्हणजे, इंजिन विकून टाकतात आणि तेच दुरुस्त करून पुन्हा चालवतात, हे दोन्ही आरोप एकाच मेसेजमध्ये आहेत. लिहिणाऱ्याने निदान एक बाजू तरी धरायला हवी होती.

"जागेवरच कापतात." वॅगन कापतात, हे खरं आहे. एकमेकींवर चढलेल्या, पिळवटलेल्या वॅगन सोडवायला गॅस कटरच लागतो. इंजिनावरही कटर चालतो, पण तो वाकलेले कठडे, फाटलेला पत्रा, अडकलेला कपलर (दोन डबे जोडणारा आकडा) मोकळा करण्यापुरता. लोकांना ठिणग्या दिसतात आणि वाटतं, इंजिनाचे तुकडे चाललेत. आपलं जुनं ओळखीचं डब्ल्यूडीएम-२ भरतं ११२.८ टन, मालगाडीचं डब्ल्यूडीजी-४ भरतं १२६ टन. त्यासाठी एआरटीसोबत, म्हणजे अपघात मदत गाडीसोबत, १४० टनी क्रेन येते. पण क्रेनचा हात जितका लांब पसरावा तितकी तिची ताकद घटते, म्हणून बऱ्याचदा दोन्ही टोकांना एकेक क्रेन लावावी लागते. वर पंचवीस हजार व्होल्टची तार असली तर आधी पॉवर ब्लॉक घेऊन, म्हणजे तिची वीज बंद करून, ती बाजूला करायची. टाकीत डिझेल शिल्लक असेल तर आधी ते काढून घ्यायचं, डब्ल्यूडीएम-२ ची टाकीच ५००० लिटरची. मग बॉडी बोगीवरून, म्हणजे खालच्या चाकांच्या गाड्यावरून, सोडवून वेगळी उचलायची. एवढा खटाटोप कापून विकण्यासाठी कोण करेल?

"रुळांशेजारी गंजत पडतात." पडतात, काही दिवस. माणसं बाहेर काढून जागेवरची पाहणी उरकली की पहिलं काम लाइन मोकळी करण्याचं असतं. मागे गाड्यांची रांग लागलेली असते, म्हणून इंजिन कडेला लोळवून ठेवतात आणि आधी रूळ जोडतात. ते उचलायला नंतर पुन्हा ब्लॉक घ्यावा लागतो, म्हणजे तेवढा वेळ गाड्या थांबवाव्या लागतात, आणि गर्दीच्या मार्गावर ब्लॉक मागताक्षणी मिळत नाही. चाकं निकामी झाली असतील तर दुसऱ्या बोग्या आणून त्यांवर बसवल्याशिवाय शेडपर्यंत नेताही येत नाही.

आता खरा मुद्दा. फोटोत जे चेपलेलं दिसतं ती केबिन असते आणि समोरचा हूड, म्हणजे पत्र्याचं आवरण. तिथे माणसं बसतात, म्हणून तो फोटो बघवत नाही, मलाही नाही. पण इंजिनाची किंमत तिथे नसते. ती मागच्या लांब हूडखाली असते: सोळा सिलिंडरचा पॉवर पॅक, म्हणजे आतलं प्रत्यक्ष डिझेल इंजिन, त्याला जोडलेला जनरेटर किंवा अल्टरनेटर, टर्बो, कॉम्प्रेसर, आणि खाली दोन बोग्यांत चाकं फिरवणाऱ्या सहा ट्रॅक्शन मोटर. समोरासमोरच्या धडकेतही यातलं बरंचसं शाबूत निघतं.

एकदा असंच एक डब्ल्यूडीएम-२ शेडमध्ये आलं. केबिनची जागा ओळखू येत नव्हती, एका बाजूचे गिअर केस फुटून कार्डियमचा (गिअरच्या वंगणाचा) काळा चिकटा बोगीभर पसरला होता. बाहेरून कोणीही म्हणालं असतं, गेलं. आमच्या मिस्त्रींनी आधी क्रँककेसची, म्हणजे पॉवर पॅकच्या खालच्या पेटीची, दारं उघडली आणि टॉर्च घेऊन आत वाकले. चालू इंजिन आडवं झालं की तेल पंपाच्या तोंडापासून सरकतं आणि बेअरिंग कोरडी पडतात. तेलाचं प्रेशर पडल्याबरोबर गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारं यंत्र) इंजिन बंद करतो, पण ते क्षण पुरले की नाही हे तळाच्या तेलात कळतं. बेअरिंग घासली असतील तर तिथे चंदेरी कण चमकतात. मिस्त्रींनी तळातलं तेल बोटांवर घेतलं, चोळलं, उजेडात धरलं. कण नव्हते. मग सिलिंडरमधला दाब सोडणारे डिकॉम्प्रेशनचे प्लग काढून इंजिन बारिंग करून, म्हणजे हाताने हळूहळू, फिरवलं, कारण सिलिंडरमध्ये तेल किंवा पाणी शिरलेलं असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉडच वाकतो. शेवटी क्रँकच्या दोन वेबमध्ये (बाजूच्या पाळ्यांमध्ये) डायल गेज लावून डिफ्लेक्शन, म्हणजे क्रँक किती वाकला, ते घेतलं. एकेका थाऊचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा, हिशेब वहीत उतरला. त्या पॉवर पॅकला काहीही झालेलं नव्हतं.

मग भंगारात जातं तरी कधी? याचा निकाल बहुतेकदा अंडरफ्रेम, म्हणजे सगळं ज्यावर उभं असतं तो खालचा सांगाडा, देते. या टोकापासून त्या टोकापर्यंत पियानो वायर ताणून ती किती वाकली, किती पिळली हे मोजतात. थोडी वाकली असेल तर वर्कशॉपमध्ये सरळ होते, पीळ बसला असेल तर सहसा नाही. दुसरा निकाल आगीचा. डिझेल पेट्रोलसारखं पटकन पेटत नाही, पण फुटलेल्या टाकीतून तुषार होऊन तापलेल्या भागांवर उडालं की भडकतं. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या गुडवेलजवळ २४ जून २०१२ रोजी दोन मालगाड्या समोरासमोर धडकल्या, तेव्हा इंजिनांच्या टाक्या फुटून असाच वणवा पेटला आणि तीन रेल्वे कर्मचारी गेले. अशा आगीत वायरिंग, मोटरचं इन्सुलेशन, पोलादाची ताकद, सगळं जातं. असं इंजिन सर्व्हे करून कंडेम करतात, म्हणजे निकामी ठरवतात, कामाचे भाग काढून घेतात आणि उरलेलं लिलावात जातं. मेसेजमध्ये खरं असेल तर एवढंच.

"दुरुस्ती नव्यापेक्षा महाग." अपघात नसतानाही अठराएक वर्षं चाललेली डिझेल इंजिनं पटियाळ्याच्या कारखान्यात पूर्ण उघडून पुन्हा बांधली जात. २६०० अश्वशक्तीची कितीतरी डब्ल्यूडीएम-२ तिथून ३१०० ची होऊन बाहेर पडली. २०१९ च्या फेब्रुवारीत वाराणसीला हिरवा झेंडा दाखवलेलं १०,००० अश्वशक्तीचं विजेचं जोड-इंजिन तर दोन जुन्या डब्ल्यूडीजी-३ए डिझेल इंजिनांपासून केलेलं होतं. सांगाडा आणि बोग्या चांगल्या असल्या तर त्यांचं मोल काय, हे यावरून दिसतं. नवी केबिन बांधणं हे त्या मानाने पत्राकाम आणि वायरिंगचं काम आहे.

"जिवाशी खेळ." हा आरोप मला सगळ्यात लागतो, कारण त्या इंजिनावर चढणारे लोको पायलट आमच्या ओळखीचे असतात, संध्याकाळी शेडच्या दारात चहाला भेटणारे. टकरीतून आलेल्या इंजिनाच्या प्रत्येक ॲक्सलची अल्ट्रासोनिक तपासणी होते, ब्रेकची प्रत्येक नळी तपासली जाते, आणि लोड बॉक्सवर, म्हणजे उभ्या इंजिनाला कृत्रिम भार देणाऱ्या यंत्रावर, पहिल्या नॉचपासून (थ्रॉटलच्या टप्प्यापासून) आठव्या नॉचपर्यंत पूर्ण भार दिल्याशिवाय त्यावर कोणी सही करत नाही.

भाच्याला आलेल्या मेसेजच्या शेवटी आणखी एक ओळ होती: इंजिन घाईने कापतात, कारण चालकाची चूक की यंत्राची, हे कोणाला कळू द्यायचं नसतं. घडतं ते याच्या उलट. गंभीर अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात, आणि ते रेल्वेच्या नव्हे तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. ए-९ (गाडीच्या ब्रेकचं) आणि एसए-९ (इंजिनाच्या ब्रेकचं) ही हँडल कुठे होती, थ्रॉटल कोणत्या नॉचवर होता, याची पाहणी जागेवरच होते आणि फोटो घेतले जातात. वेगाची नोंद ठेवणारी मेमरी काढून सील होते. हे होईपर्यंत, माणसं बाहेर काढण्यापलीकडे, चेपलेल्या केबिनला कोणी हात लावायचा नसतो, क्रेन शेजारी उभी असली तरी.